‘आत्मघाती बॅटरी’ : बंद पडलेल्या खेळांच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास 🧵

१/ सर्किट बोर्ड धडधाकट आहे, एकही चिप जळलेली नाही, सोल्डर शाबूत आहे. तरीही यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर दिसतो तो केवळ एकरंगी कोरेपणा. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला संग्राहकांना दोन दशकांहून अधिक काळ लागला. त्याचीच ही कथा.

२/ १९९१ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा आर्केड खेळ आला आणि जगभर गाजला. लोकप्रियतेपाठोपाठ नकलाही आल्या. खेळाचा प्रोग्रॅम ज्या रॉम चिपांत साठवलेला असे, त्यांची प्रत काढणे फारसे अवघड नव्हते. कंपनीचे त्यात मोठे नुकसान होत होते.

३/ म्हणून १९९३ मध्ये ‘सुपर स्ट्रीट फायटर २’ सोबत ‘सीपीएस-२’ ही नवी प्रणाली अवतरली. तिच्या रॉममधील प्रोग्रॅम कूटबद्ध होता. तो उलगडणारी किल्ली रॉममध्ये नव्हे, तर बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असे. रॉमची नक्कल केली तरी किल्ली हाती लागत नसे.

४/ चोरांविरुद्ध ही युक्ती प्रभावी ठरली. पण तिच्यात एक दोष दडलेला होता. बॅटरी कधी ना कधी संपतेच. ती संपली की किल्ली पुसली जाते आणि अस्सल यंत्रालाही स्वतःचाच प्रोग्रॅम वाचता येत नाही. संग्राहकांनी तिला ‘आत्मघाती बॅटरी’ हे नाव दिले ते यामुळेच.

५/ मालकाच्या हाती एकच उपाय होता : बॅटरी क्षीण होण्यापूर्वी ती बदलणे, आणि तेही किल्ली पुसली न जाऊ देता. एकदा वेळ टळली की बोर्ड निकामी. किल्ली पुन्हा लिहिण्याची रीत कंपनीबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती.

६/ जानेवारी २००१ मध्ये ‘सीपीएस-२ शॉक’ या हौशी अभ्यासकांच्या गटाने यंत्राकडूनच उलगडलेला प्रोग्रॅम काढून घेण्यात यश मिळवले. तो नव्या रॉममध्ये भरून मृत बोर्ड चालू करता येऊ लागले. मात्र त्यासाठी मूळ रॉम काढाव्या लागत. प्राण परतले, पण अस्सलपणाला बाध आला.

७/ २००७ मध्ये अँड्रियास नाइव्ह आणि ‘मेम’ या आर्केड-अनुकारक प्रणालीचे जनक निकोला साल्मोरिया यांनी खुद्द कूटपद्धतीच उलगडली. किल्ली ६४ बिटांची असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. आता कुलूप कळले होते. किल्ली बोर्डात परत कशी घालायची, हे कोडे मात्र शिल्लक होते.

८/ ते २०१६ मध्ये सुटले. एदुआर्दो क्रूझ, आर्तेमिओ उर्बिना आणि इयान कोर्ट यांनी किल्ली लिहिण्याची रीत शोधून जाहीर केली. नवी बॅटरी बसवायची, योग्य किल्ली पुन्हा लिहायची, आणि एकही मूळ चिप न बदलता खेळ पूर्ववत सुरू! ‘सीपीएस-२’ च्या आगमनाला तोवर २३ वर्षे लोटली होती.

९/ आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याला सारे ‘मुस्तफा’ म्हणत, तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ही कॅपकॉमचाच, १९९३ सालचा. तो आधीच्या प्रणालीवर चाले. पण त्याच्याही अस्सल बोर्डात अशीच बॅटरी होती. नाणे टाकून खेळणाऱ्या मुलांना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

१०/ यातील विसंगती लक्षात घ्या. ज्या नकली बोर्डांतून संरक्षणच काढून टाकलेले असते, त्यांना या बॅटरीची गरज नसते. म्हणजे नक्कल तगते आणि अस्सल मरते. कंपनीने रक्षण केले ते विक्रीच्या काही वर्षांचे. त्यानंतरच्या काळाचा विचार तिच्या आराखड्यात नव्हता.

११/ ताम्रपट शतकानुशतके जमिनीखाली राहूनही वाचता येतो. १९९३ सालचा प्रोग्रॅम मात्र एका बॅटरीच्या आयुष्याला बांधलेला होता. आज आपण जे काही कुलूपबंद करून ठेवत आहोत, त्याची किल्ली पुढच्या पिढीसाठी कोणी जपून ठेवत आहे का? इतिहासाच्या अभ्यासकाने हा प्रश्न आजच विचारायला हवा.