भूमितीच्या खुणांची कुळकथा

शाळेच्या भूमितीतले शब्द, आकृतीवरची अक्षरे आणि मधल्या खुणा एकाच काळात जन्मल्या नाहीत. त्यांतल्या शब्दांचे खानदेशाशी थेट नाते आहे.

चाळीसगावजवळचे पाटण खानदेशाच्या दक्षिणेच्या डोंगरकडेला. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने पाटणला मठ काढला. 1207 सालच्या तिथल्या शिलालेखात मठाला दिलेल्या दानांची नोंद आहे. लेख संस्कृत, पण शेवटचा भाग मराठी. गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल द्यायचे, असे त्यात नोंदले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख 1865 मध्ये प्रसिद्ध केला.

भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ 1150 चा. त्यात काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटि आणि कर्ण म्हटले आहे. शिरोबिंदूंना अक्षरे नाहीत. आकृतीच्या बाजूंजवळ फक्त आकडे मांडायचे. तरीही ही मांडणी तोकडी नव्हती. बाजू 10 आणि 17, पाया 9 असा त्रिकोण घेतला, तर लंबामुळे पायाचे होणारे दोन भाग, म्हणजे आबाधा, उणे 6 आणि 15 येतात. लंब पायाच्या बाहेर पडतो, म्हणून एक आबाधा उलट दिशेने मोजायची, असा भास्कराचार्यांचा खुलासा आहे. ऋण संख्येच्या डोक्यावर ते टिंब देत. एका टिंबाने दिशा सांगण्याची ही रीत बाराव्या शतकात होती, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शिरोबिंदूंना अक्षरे देण्याची चाल ग्रीकांची. युक्लिडचा ग्रंथ अरबीत गेला. तिथून जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगासाठी तो ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणला. त्यात अरबी क्रमाची अ, ब, ज, द ही अक्षरे तशीच राहिली. मराठी पुस्तकांत पुढे इंग्रजी क्रमाशी जुळणारा ‘त्रिकोण अबक’ रुळला. आता मराठी माध्यमातही रोमन अक्षरेच असतात.

खुणा बहुतेक युरोपातल्या. △ मात्र अलेक्झांड्रियाच्या हिरॉनइतका जुना. लंबाची ⊥ ही खूण फ्रान्सच्या पिएर एरिगोनने 1634 मध्ये वापरली. समांतरतेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पूर्वी दोन आडव्या रेघा समांतर दाखवत. रॉबर्ट रेकॉर्डने 1557 मध्ये त्याच रेघा ‘बरोबर’साठी घेतल्या, कारण दोन समांतर रेघांहून अधिक सारखे काही नाही, असे त्याचे मत होते. ही खूण सर्वत्र पसरू लागल्यावर घोटाळा टाळायला विल्यम ऑट्रेडने समांतर रेघा उभ्या केल्या. ∥ ही खूण त्याच्या मृत्यूनंतर 1677 मध्ये छापलेल्या पुस्तकात दिसते. समरूपतेची ∼ ही खूण लायब्निट्सची.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांनी या परदेशी खुणांना मराठी शब्दांची जोड दिली. इतरत्र अक्षरांवर आडवी रेघ किंवा बाण काढतात. इथे आधी रेख, किरण किंवा रेषा असा शब्द लिहितात. चौकोनासाठी □ ही खूण अक्षरांआधी येते. शब्दाची ही पद्धत अधिक सोयीची, कारण वरची रेघ घाईत राहून जाते. रेख एबी दोन्ही टोकांना संपते, किरण एबी ए पासून निघून बी च्या पलीकडे जातो आणि रेषा एबी दोन्हीकडे अमर्याद असते. म्हणून सिद्धता लिहिताना हा शब्द गाळू नये.