फुकट ते पौष्टिक, पण सांगून!

एखादा यूट्यूबर नवा फोन हातात घेऊन ‘कसला भारी आहे!’ म्हणतो, तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात कधीकधी ‘पेड प्रमोशन’ अशी बारीक पाटी दिसते. असं सांगायची सक्ती कुठून आली? आज तीच गोष्ट.

चला अमेरिकेत, 1959 साली. रेडिओवरचे काही डिस्क जॉकी रेकॉर्ड कंपन्यांकडून गुपचूप पैसे घेऊन त्यांची गाणी वाजवायचे. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी! याला म्हणत ‘पेओला’. न्यूयॉर्कचा गाजलेला जॉकी अ‍ॅलन फ्रीड याची नोकरी याच वादात गेली. 1960 साली अमेरिकी संसदेने कायदा कडक केला. पैसे घेऊन गाणं वाजवताय? मग श्रोत्यांना तसं सांगा. गुन्हा होता तो लपवण्याचा.

पुढे ब्लॉग आले आणि ब्लॉगरांच्या घरी पुस्तकं, गेम, क्रीम असं काय काय फुकट येऊ लागलं. फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे एफटीसी, या सरकारी संस्थेने 5 ऑक्टोबर 2009 रोजी आपली 1980 सालची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. त्यात एक उदाहरण आहे. कॉलेजचा एक विद्यार्थी गेमवर ब्लॉग लिहितो आणि कंपनी त्याला नवी गेमिंग सिस्टिम फुकट पाठवते. त्याने रिव्ह्यूमध्ये हे सांगायलाच हवं, कारण वाचकाला ते आपोआप कळणार नाही, आणि कळलं तर त्याचा भरवसा कमी-जास्त होऊ शकतो.

ब्लॉगर भडकले. ‘वर्तमानपत्रांनाही पुस्तकं फुकटच येतात की! मग आम्हीच का?’ एफटीसीचं म्हणणं होतं की तिथे पुस्तक वर्तमानपत्राकडे येतं, समीक्षकाला पगार वर्तमानपत्र देतं आणि वाचकाला ही पद्धत माहीत असते. हे उत्तर सगळ्यांना पटलं नाही. प्रकाशकांच्या जाहिराती वर्तमानपत्रं घेतातच ना!

त्यात 11,000 डॉलर दंडाची बातमी पसरली. एफटीसीला खुलासा करावा लागला, की या तत्त्वांमध्ये दंड नाही आणि आमची नजर मुख्यतः जाहिरातदारांवर आहे. 2010 मध्ये झालंही तसंच. अ‍ॅन टेलर या कपड्यांच्या कंपनीने एका कार्यक्रमात ब्लॉगरांना भेटवस्तू दिल्या होत्या. चौकशी झाली ती कंपनीची, आणि तीही कारवाईविना बंद झाली.

आपल्याकडे हा नियम उशिरा आला. मुंबईच्या ‘आस्की’ या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले, तर जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शिका काढली. फुकट मिळालेली वस्तूही यात मोजली जाते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत.

फुकट मिळालं म्हणून मत खोटं ठरत नाही. पण तोलायचं आपण, तर वजनं आपल्यासमोर नकोत का? नाहीतर मापात पाप कळणार कसं?

भेटू पुढच्या भागात!