रुसलेल्या रुक्मिणीसाठी द्वारकेचा राजा झाला गुराखी

खालापूर तालुक्यात खोपोलीजवळच्या साजगाव-ताकई येथे कार्तिकी एकादशीपासून पंधरवडाभर विठोबाची यात्रा भरते. बोरघाटाच्या पायथ्याशी भरणाऱ्या या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार इतका मोठा, की देवाचे नावच 'बोंबल्या विठोबा' पडले. मिरचीच्या व्यापारानिमित्त तुकाराम महाराज येथे येत, अशी श्रद्धा आहे. कर्जत-खालापूरचे भाविक या स्थानाला प्रतिपंढरपूर मानतात.

हा देव पंढरपुरास पुंडलिकाच्या भेटीसाठी आला, हे सर्वश्रुत आहे. परंतु लोककथेनुसार तो घराबाहेर पडला तो रुसून गेलेल्या पत्नीच्या शोधात. द्वारकेत राधा कृष्णाच्या मांडीवर बसली असता रुक्मिणी तेथे आली; राधा उठली नाही. हा अपमान जिव्हारी लागून रुक्मिणी भीमेकाठच्या दिंडीरवनात तपाला बसली. तिच्या मागे निघालेल्या कृष्णाने राजवेष टाकून गुराख्याचा वेष घेतला आणि गाईगोपाळांसह तो या मुलखात आला. गाईगोपाळ थांबले ते गोपाळपूर. पंढरपुरालगतच्या या गावी आजही आषाढी पौर्णिमेला काला होतो. दिंडीरवनातील रुक्मिणीचे स्थान लखुबाई या नावाने ओळखले जाते.

राजाला गुराखी का व्हावे लागले? डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. या ग्रंथाला १९८७ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे म्हणणे मानले, तर गुराख्याचा वेष हे सोंग नसून देवाचे जुनेच रूप ठरते. धनगरांच्या खंडोबानेही बाणाईसाठी तिच्या घरी चाकर होऊन मेंढरे राखली, अशी कथा आहे. फरक इतकाच, की खंडोबाने हे केले दुसऱ्या बायकोसाठी. विठोबाने पहिलीच्या मनधरणीसाठी.

मनधरणी सफल झाली का, याविषयी मात्र कथेपेक्षा मंदिराची रचना अधिक बोलकी आहे. गावोगावच्या देवळांत विठ्ठल-रखुमाई बहुधा शेजारी उभे असतात. पंढरपुरात तसे नाही. तेथे रुक्मिणीचे मंदिर विठ्ठलाच्या मागील बाजूस, स्वतंत्र आहे. तिचा रुसवा अजून गेलेला नाही, असे भाविक कौतुकाने सांगतात. वेष बदलला, राज्य सोडले, तरी घर वेगळेच राहिले. लोकपरंपरेने येथे पतीला सहज क्षमा मिळू दिलेली नाही, हे विशेष.

कार्तिकात साजगावची यात्रा उलगते आणि मार्गशीर्ष लागतो. त्या महिन्यात देव पंढरपूरचे मंदिर सोडून भीमेच्या पात्रातील विष्णुपदावर मुक्कामाला असतो, असे मानतात. तेथील खडकावर कृष्णाच्या पावलांच्या आणि गाईंच्या खुरांच्या खुणा दाखवल्या जातात. भाविक शिदोरी घेऊन तेथे जातात आणि नदीकाठी पंगती बसतात.