रुग्णसंमती

शरीराची तपासणी किंवा उपचार करण्यासाठी रुग्णाने माहिती समजून घेऊन स्वेच्छेने दिलेली परवानगी. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१४ मध्ये सज्ञान व्यक्तीचा स्वतःच्या देहावरील हक्क मान्य केला. एका कृतीची संमती दुसरीला लागू होत नाही; ती कधीही मागे घेता येते. दिल्लीतील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले, की निदानासाठीच्या दुर्बीण-तपासणीची संमती गर्भाशय काढण्यास पुरत नाही. हरियाणातील प्रकरणात (२०१३) बलात्कारपीडितेची ‘दोन बोटांची चाचणी’ तिच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग ठरली. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पीडितेला तपासणी किंवा पुरावा-संकलन नाकारता येते. मात्र नकारामुळे उपचार रोखता येत नाहीत, हे विशेष महत्त्वाचे. पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री-रुग्णाजवळ दुसरी स्त्री असण्याचा हक्क रुग्णहक्क सनदेत आहे. (पहा : वैद्यकीय नीतिशास्त्र, न्यायवैद्यक).