लोणावळ्याचे प्रयोग आणि फरकाचें गणित

योगाभ्यासाचे गुण सांगणारे ग्रंथ आपल्या देशांत जुन्या काळापासून आहेत. परंतु त्या गुणांचें यंत्रानें माप घेण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद, म्हणजेच पूर्वींचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनीं मावळांत लोणावळें येथें कैवल्यधाम ही संस्था स्थापिली व त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक काढिलें. उड्डियान व नौलि या क्रिया चालू असतां शरीराच्या आंत दाब किती उतरतो, हें दाबमापकानें पाहण्यांत आलें. नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो असें आढळलें, आणि या पोकळीस स्वामीजींनीं आपले गुरु माधवदासजी यांचें नांव दिलें.

अशा प्रयोगांचा एक विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. त्यांत एकाच साधकाचें माप क्रियेपूर्वीं, क्रिया चालू असतां व क्रियेनंतर असें पुनःपुन्हा घ्यावें लागतें. याचें कारण उघड आहे. लोहगडाची चढण रोज चढणारा मावळांतील शेतकरी आणि पुण्याहून आगगाडीनें आलेला कारकून यांच्या नाडीचे ठोके मुळांतच भिन्न असावयाचे. एकास प्राणायाम करावयास लावून दुसऱ्यास नुसतें बसविलें, तर दिसणारा फरक प्राणायामाचा कीं प्रकृतीचा, हें कोण सांगणार? त्याऐवजीं प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशींच केली, म्हणजे प्रकृतिभेदाचा प्रश्न गळून पडतो. मात्र अशीं मापें परस्परांशीं निगडित असतात, आणि त्यांचा हिशेब कोणत्या कसोटीनें करावा, ही संख्याशास्त्राची अडचण येथेंच सुरू होते.

तिचा मार्ग लोणावळ्याच्या प्रयोगांपूर्वींच, १९०८ सालीं, दाखविला गेला होता. डब्लिन येथें गिनेस कंपनीच्या बिअरच्या कारखान्यांत नोकरीस असलेले विल्यम गोसेट यांनीं ‘स्टुडंट’ या टोपणनांवानें ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत अमेरिकेंतील दहा रुग्णांचें उदाहरण आहे. प्रत्येकास झोपेचीं दोन औषधें निरनिराळ्या वेळीं देण्यांत आलीं होतीं. पहिल्यानें झोप सरासरी ०.७५ तास वाढली, तर दुसऱ्यानें २.३३ तास. हे वीस आंकडे दोन निरनिराळ्या गटांचे मानून हिशेब केला, तर एवढा फरक केवळ योगायोगानें पडण्याचा संभव शंभरांत सुमारें आठ येतो. म्हणजे निर्णय अधांतरीं राहतो. परंतु प्रत्येक रुग्णाच्या दोन आंकड्यांची वजाबाकी करून त्या दहा फरकांचाच हिशेब केला, तर तो संभव हजारांत सुमारें तीन इतका उतरतो. दहांपैकीं नऊ जणांस दुसरें औषध अधिक लागू पडलें होतें व एकास दोन्हीं सारखींच होतीं. ही गोष्ट पहिल्या हिशेबांत हरवून गेली होती.

पुढें या विचाराचा विस्तार झाला. प्रत्येकाचीं मापें दोन नसून तीन-चार असलीं, तर एकूण चढउताराचे वाटे पाडणारी रोनल्ड फिशर यांची पद्धति उपयोगी पडते. त्यांच्या १९२५ सालच्या पुस्तकानें ती सर्वत्र पसरली. माणसामाणसांतील भेदाचा वाटा वेगळा काढला, म्हणजे क्रियेचा परिणाम स्वच्छ दिसूं लागतो. पण येथें एक अट आहे: कोणतीही दोन मापें निवडलीं, तरी त्यांच्या फरकांचा विस्तार सारखाच असावा. ही अट ताडण्याची रीत जॉन मॉचली यांनीं १९४० सालीं दिली. ती मोडल्यास करावयाची दुरुस्ती ग्रीनहाऊस व गाइसर यांनीं १९५९ सालीं सांगितली. आंकड्यांची ठेवण अगदींच वांकडीतिकडी असेल, तर त्यांचे नुसते क्रम लावून काम भागतें. दोन मापांकरितां रसायनशास्त्रज्ञ फ्रँक विल्कॉक्सन यांची १९४५ सालची कसोटी आहे, अधिक मापांकरितां मिल्टन फ्रीडमन यांची १९३७ सालची. हेच फ्रीडमन १९७६ सालीं अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

परंतु कसोटी कितीही योग्य निवडली, तरी एक प्रश्न उरतोच. येल विद्यापीठांतील संशोधक कोवूर बेहानन यांनीं लोणावळ्यास स्वामीजींजवळ प्राणायामाचे धडे घेतले, स्वतःवर प्रयोग केले व १९३७ सालीं त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. साध्या श्वसनाच्या मानानें उज्जायींत प्राणवायूचा खर्च २४.५ टक्के, भस्त्रिकेंत १८.५ टक्के व कपालभातींत १२ टक्के अधिक आढळला. मापें पुष्कळ होतीं. माणूस मात्र एकच. त्या एका माणसाविषयीं तीं बरेंच कांहीं सांगतात, पण तेवढ्यावरून सर्व माणसांविषयीं निर्णय देतां येत नाहीं. एका साधकाचीं शंभर मापें आणि शंभर साधकांचें एकेक माप यांची किंमत सारखी मानली, तर उत्तम कसोटीही खोटी ग्वाही देते.

म्हणून माणसें किती, प्रत्येकाचीं मापें किती व तीं कोणत्या क्रमानें घ्यावयाचीं, हें यंत्रास हात लावण्यापूर्वींच ठरवावें लागतें. मापें हातीं आल्यावर सोयीची कसोटी शोधीत बसणें म्हणजे निकाल आधीं लिहून साक्षीदार मागाहून बोलावण्यासारखें आहे. कुवलयानंदांनीं परंपरेचें म्हणणें मापापुढें उभें केलें. त्या धाडसाचा मान राखावयाचा, तर त्या मापांसही योग्य कसोटीपुढें उभें करणें प्राप्त आहे.