देशी मानसशास्त्र
स्थानिक भाषा, श्रद्धा व लोकव्यवहार यांतून संकल्पना आणि संशोधनपद्धती घडवणारा मानसशास्त्रीय विचारप्रवाह. फिलिपाइन्समध्ये व्हिर्जिलिओ एन्रिकेझ (१९४२–९४) यांनी १९७० च्या दशकात त्याला संघटित रूप दिले. तेथील पहिली राष्ट्रीय परिषद १९७५ मध्ये भरली. छापील प्रश्नावलीऐवजी सहज विचारपूस, गप्पा आणि लोकांत मिसळून राहणे त्यांनी पद्धती म्हणून मान्य केले. संशोधक आणि माणसे यांच्यातील नाते जितके जवळचे, तितके उत्तर खरे, अशी त्यामागची भूमिका.

मराठी अभ्यासकांत आनंद परांजपे हे ठळक नाव. पुण्यात शिकलेल्या आणि पुढे कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात अध्यापन केलेल्या परांजपे यांनी १९७० मध्ये जात व पूर्वग्रह यांवर ग्रंथ लिहिला. १९८४ व १९९८ च्या ग्रंथांत ‘स्व’विषयीच्या पाश्चात्त्य सिद्धांतांची वेदान्त-योगाशी तुलना केली. पुढे २००२ मध्ये पाँडिचेरीत मानसशास्त्रज्ञांनी काढलेल्या जाहीरनाम्याने भारतीय मानसशास्त्राचा आग्रह धरला.

भारतातला हा प्रवाह मात्र संस्कृत ग्रंथांकडे फारच झुकला. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिणाऱ्या दलितांच्या आणि त्यांना अडवणाऱ्यांच्या मनाचा उलगडा उपनिषदांतून होणार नाही. त्यासाठी दलित आत्मकथने अधिक उपयोगी. तसेच महाडजवळच्या पोलादपूरच्या एखाद्या वाडीत, जिथे अनेक घरांतले कोणीतरी मुंबईला असते, तिथे एन्रिकेझ यांच्या पद्धतीप्रमाणे प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा ओटीवर बसून बोलणेच अधिक फलदायी ठरावे.