पद्धत कुणाची, घर कुणाचं?



माझ्या धाकट्या सुनेने पाच वर्षांच्या नातवाला अजून शाळेत घातलेलं नाही. ती त्याला घरीच शिकवते. दिवाळीत सांगलीला आली तेव्हा म्हणाली, "आई, ही पद्धत एका ख्रिस्ती बाईंची आहे. आपल्या घरात चालेल ना?" मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी वाचलं. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

त्या बाईंचं नाव शार्लट मेसन. जन्म 1842, मृत्यू 1923. त्या इंग्लंडमध्ये शिक्षिका होत्या. स्वतः अविवाहित, पण सगळं आयुष्य आयांना शिकवण्यात गेलं. 1886 मध्ये त्यांचं 'होम एज्युकेशन' हे पुस्तक निघालं आणि 1892 मध्ये त्यांनी अँबलसाइड या गावी शिक्षिका घडवणारी संस्था काढली. त्यांचं मुख्य म्हणणं असं, की मूल म्हणजे भरायचं रिकामं भांडं नव्हे. ते जन्मापासून पूर्ण माणूस असतं. घरातलं वातावरण, चांगल्या सवयी आणि मनाला मिळणारे सकस विचार, या तीन गोष्टी त्याला घडवतात.

पद्धतही साधी आहे. पहिली सहा वर्षं पाटी-पुस्तकाची घाई नाही, रोज बराच वेळ मोकळ्या हवेत. पुढे धडे छोटे, लहान मुलांना एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त नाहीत. चांगलं पुस्तक एकदाच वाचून दाखवायचं आणि मुलाने ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. झाडं, किडे, पाखरं डोळ्यांनी पाहून वहीत उतरवायची.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. बस्तीतून आल्यावर महाराजांचं प्रवचन ती आम्हाला पुन्हा सांगायला लावायची. "सांग बघू, काय ऐकलंस?" एवढाच तिचा प्रश्न असायचा.

पण एक फरक आहे, आणि तो झाकून चालणार नाही. मेसनबाईंच्या मते मुलाचा खरा गुरू त्यांचा पवित्र आत्मा, अगदी गणितातसुद्धा. आईचा अधिकार त्यांना देवाने सोपवलेला वाटतो. आपण सृष्टी घडवणारा देव मानत नाही. आपल्याकडे ज्ञान हा आत्म्याचाच गुण आहे. ज्ञानावरणीय कर्माचं आवरण जसं कमी होतं तसं ते उजळतं. शिकवणारा फक्त निमित्त. म्हणजे मुलाचा मान राखणं दोघींकडे आहे, पण त्यामागचं कारण वेगळं.

मग कारण वेगळं असताना पद्धत घेता येते का? याचं उत्तर मला आपल्या सातारा-सांगलीच्या इतिहासात सापडलं.

साताऱ्यातल्या नायगावला 1831 मध्ये सावित्रीबाई जन्मल्या. 1840 मध्ये लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी बायकोला घरीच शिकवायला सुरुवात केली. पुढे अध्यापनाचं शिक्षण घ्यायला त्या अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे गेल्या. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. शिकवण्याची रीत मिशनच्या बाईंकडून घेतली, पण नवराबायको दोघंही ख्रिस्ती झाले नाहीत. घेतलेल्या विद्येचं काय करायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

दुसरं घर आपल्याच समाजातलं. कर्मवीर भाऊराव पाटील 1887 मध्ये कुंभोजला जन्मले, घराणं वाळव्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. 1919 मध्ये कऱ्हाडजवळ काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. हे घर चालवलं लक्ष्मीबाईंनी. सोवळंओवळं पाळणाऱ्या जैन घरात वाढलेली ही बाई. आधी त्यांनाही जड गेलं. पुढे त्याच मुलांसाठी दागिने गेले, आणि धान्य संपलं तेव्हा मंगळसूत्रही गेलं. 1930 मध्ये त्या वारल्या. कर्मवीरांचं नाव आपल्या प्रत्येक गावात घेतलं जातं. लक्ष्मीबाईंचं किती घरांत घेतलं जातं?

मेसनबाई वातावरण म्हणतात ते हेच. पण लक्ष्मीबाईंच्या घराचं दार उघडं होतं. घरीच शिकवण्यात मला भीती वाटते ती याचीच. मूल फक्त आपल्यासारख्याच माणसांत वाढलं तर अनेकांत त्याला पाठ होईल, कळणार नाही. दुसरी गोष्ट, अशा घराचा सगळा भार एकट्या बाईवर येतो. लक्ष्मीबाईंवर तो किती आला ते आपण पाहिलंच.

म्हणून सुनेला सांगितलं, "अगं, पद्धत खुशाल घे. छोटे धडे घे, गोष्ट सांगायला लाव. निसर्गाच्या वहीत गांडुळापुढे दोन इंद्रियं लिही, मुंगीपुढे तीन, भुंग्यापुढे चार. जो मुंगीची इंद्रियं मोजतो तो तिच्यावर पाय देताना थबकतो. बायबलच्या गोष्टींच्या जागी आपल्या तीर्थंकरांच्या कथा सांग. रविवारी पाठशाळेत धाड, आणि रोज संध्याकाळी सोसायटीतल्या सगळ्या मुलांत खेळू दे, मग ती कुणाचीही असोत."

मुलालाही बोलावून बसवलं. "आठवड्यातले दोन दिवस धडे तू घ्यायचे," म्हटलं. तो हसला. मी हसले नाही. शेवटी तो हो म्हणाला.

पुढच्या महिन्यात सगळे साताऱ्याला जाणार आहोत. कर्मवीरांच्या समाधीपाशी नातवाला लक्ष्मीबाईंची गोष्ट एकदाच सांगणार. मग त्याने ती मला परत सांगायची.